आधीच्या बाई

"आधीच्या बाई असं नव्हत्या शिकवत."

नव्यानं रुजू झालेल्या प्रत्येक शिक्षिकेनं हे वाक्य ऐकलेलं असतं. मी ते सत्ताविसाव्या वर्षी ऐकलं. एका तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहावर रेक्टर म्हणून गेले होते आणि संध्याकाळी गणिताचा तासही घ्यायचे. राहायला मिळाली ती खोली आधीच्या बाईंची. कपाटाच्या खालच्या फळीवर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. त्याखाली केसांच्या चार काळ्या पिना, टिकल्यांचं अर्धं संपलेलं पाकीट आणि दुधाच्या हिशेबाची वही सापडली. वहीत पंधरा तारखेपर्यंत रोजची नोंद होती. अर्धा लिटर, अर्धा लिटर, एखाद्या दिवशी पाव. सोळा तारखेपासून पुढची पानं कोरी.

त्या का गेल्या, असं मी स्वयंपाकाच्या मावशींना विचारलं. पोळी लाटता लाटता त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. "त्यांचं नाव नका काढू बाई," त्या हळूच म्हणाल्या. "मुली ऐकतात."

त्या रात्री पंख्याचा आवाज ऐकत पडले असताना मला एक जुना ब्रिटिश सिनेमा आठवला. पाच वर्षांपूर्वी पुण्यात मैत्रिणीच्या घरी, सारख्या रेघा उमटणाऱ्या कॅसेटवर पाहिलेला. 'द इनोसन्ट्स', १९६१. तेव्हा तो भुताचा सिनेमा म्हणून पाहिला होता आणि नीट घाबरलेही होते. पण त्या खोलीत झोपल्यावर त्यातली एक बाई मला पहिल्यांदा कळली. आज बरीच वर्षं झाली. तो सिनेमा मी किती वेळा पाहिला याची मोजदाद ठेवलेली नाही, आणि दर वेळी माझी नजर तिलाच शोधते.

हेन्री जेम्सची 'द टर्न ऑफ द स्क्रू' ही दीर्घकथा १८९८ सालची. विल्यम आर्चिबाल्डनं तिचं नाटक केलं, ते १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं. पुढे आर्चिबाल्ड आणि ट्रूमन कपोटी यांनी पटकथा लिहिली आणि जॅक क्लेटननं सिनेमा केला. एका पाद्र्याची मुलगी, मिस गिडन्स, आयुष्यातली पहिली नोकरी धरते. लंडनमधल्या एका अविवाहित श्रीमंताची दोन अनाथ पुतणी आहेत, माइल्स आणि फ्लोरा. ती दूर खेड्यात, ब्लाय नावाच्या मोठ्या घरात राहतात. काकाची अट एकच: मला कशासाठीही त्रास द्यायचा नाही. आधीच्या बाई मिस जेसल वारल्या, हे त्याच्याकडूनच कळतं. ब्लायला गेल्यावर नव्या बाईंना एक पुरुष दिसू लागतो आणि एक स्त्री दिसू लागते. पुरुष म्हणजे क्विंट, घरमालकाचा मेलेला खासगी नोकर. स्त्री म्हणजे मिस जेसल. ही दोघं मुलांच्या देहामनात शिरू पाहताहेत, अशी नव्या बाईंची खात्री पटत जाते.

भुतं खरी की बाईंच्या मनातली, यावर खूप शाई खर्च झाली आहे. समीक्षक एडमंड विल्सननं १९३४ मध्येच मांडलं होतं की भुतं बाईंच्या दबलेल्या मनातून येतात, आणि तेव्हापासून दोन तट आहेत. सिनेमा दोन्ही तटांना जागा ठेवतो. मला हा वाद पूर्वी फार महत्त्वाचा वाटे. आता वाटतं, या वादात सगळे नव्या बाईंबद्दलच बोलतात आणि आधीच्या बाई तळ्याकाठी तशाच उभ्या राहतात.

गव्हर्नेस या शब्दाला आपल्याकडे नेमका शब्द नाही. पंतोजी घरी येऊन शिकवून जायचे, मुक्कामाला नसायचे. गव्हर्नेस मालकाच्या घरीच राहायची. ती शिकलेली, बऱ्या घरातली, पण गरीब. नोकरांच्या पंगतीला तिला बसवत नसत आणि मालकांच्या टेबलावर तिची हक्काची खुर्ची नसे. १८५१ च्या जनगणनेत इंग्लंडमध्ये अशा सुमारे २५,००० बायका होत्या. एवढ्या बायका दुसऱ्यांच्या मुलांना फ्रेंच आणि पियानो शिकवत, वरच्या मजल्यावरच्या एखाद्या खोलीत एकट्या झोपत होत्या.

मिस गिडन्सच्या भूमिकेत डेबोरा कार आहे. तिचं आडनाव आपल्याकडे बरेच जण 'केर' असं लिहितात. हॉलीवूडमध्येही हा गोंधळ होईल म्हणून एमजीएम या सिनेकंपनीनं तिची जाहिरातच 'स्टार'शी यमक जुळवून केली होती. ग्लासगोत १९२१ मध्ये जन्मलेल्या या नटीनं पडद्यावर एकदा नव्हे, तीनदा अशा बाई रंगवल्या. १९६४ च्या 'द चॉक गार्डन'मध्ये ती पुन्हा गव्हर्नेस झाली. आणि 'द इनोसन्ट्स'च्या पाच वर्षं आधी, १९५६ मध्ये, 'द किंग अँड आय'मध्ये सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजाच्या मुलांना शिकवणारी ॲना.

ही ॲना लिओनोवेन्स आपल्या अहमदनगरची. १८३१ मध्ये तिथे जन्मली, १८४९ मध्ये नाताळच्या दिवशी पुण्यात तिचं लग्न झालं. वडील कंपनीच्या फौजेत सार्जंट होते, ते तिच्या जन्माआधीच वारले. नवरा गेल्यावर तिनं सयामची नोकरी धरली आणि जगाला सांगितलं की आपला जन्म वेल्समधला, १८३४ चा. नगरचा जन्म तिनं मरेपर्यंत लपवला. हिंदुस्थानात जन्मलेल्या, बहुधा मिश्र रक्ताच्या, गरीब शिपायाच्या मुलीला राजवाड्यात बाई म्हणून कुणी ठेवलं नसतं. मला हा तपशील फार लागतो. परक्या घरात राहून शिकवायचं तर स्वतःबद्दल किती कमी सांगावं लागतं, याचं याहून बोलकं उदाहरण माझ्याकडे नाही. 'द किंग अँड आय'मधली गाणी पडद्यावर डेबोरा कार म्हणते, पण गळा मार्नी निक्सनचा. म्हणजे नगरची बाई वेल्सची झाली, तिची भूमिका स्कॉटिश नटीनं केली आणि गाणं तिसरीनंच म्हटलं.

त्या सिनेमातली कार सरळ पाठीची, हजरजबाबी आहे. 'द इनोसन्ट्स'मध्ये ती तीच पाठ हळूहळू ताठ करत नेते, इतकी की शेवटी ती मोडेल असं वाटतं. जेम्सच्या कथेतली बाई विशीची आहे. कार तेव्हा चाळिशीला टेकली होती, आणि त्यामुळे भूमिकेचा रंगच बदलतो. विशीतली मुलगी घाबरते तेव्हा आपण तिला अजाण समजून सोडून देतो. चाळिशीची बाई पहिल्यांदा घराबाहेर पडते, पहिल्यांदा एका देखण्या पुरुषासमोर बसते, आणि तुमच्याजवळ कल्पनाशक्ती आहे का या त्याच्या प्रश्नाला उत्साहानं हो म्हणते, तेव्हा त्या होकारामागे किती वर्षं कोंडलेली असतील असं मनात येतं. कार हे सगळं फक्त डोळ्यांच्या चमकेत आणि किंचित पुढे झुकण्यात आणते. सिनेमाच्या सुरुवातीला अंधारात तिचे हात दिसतात, एकमेकांत गुंतणारे, सुटणारे. मला मुलांना वाचवायचं आहे, असं ती हुंदके देत पुटपुटते. सहा वेळा ऑस्करचं नामांकन मिळूनही तिला ते कधी मिळालं नाही, १९९४ मध्ये मानद ऑस्कर तेवढं दिलं. आणि या भूमिकेसाठी तर साधं नामांकनही नव्हतं. माझ्या मते तिनं केलेलं हे सगळ्यात मोठं काम आहे.

छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिसबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण या बायका आपल्याला त्याच्या उजेडातच दिसतात. स्टुडिओच्या आग्रहामुळे सिनेमा रुंद सिनेमास्कोप पडद्यासाठी काढावा लागला. फ्रान्सिसनं फिल्टरच्या कडा हातानं रंगवून पडद्याच्या दोन्ही बाजू काळोखात बुडवल्या. मिस गिडन्स रात्री मेणबत्ती घेऊन घरभर फिरते तेव्हा प्रकाश तिच्याभोवती पुरतो, पलीकडे फक्त अंदाज. त्यासाठी चार-पाच वाती एकत्र वळलेल्या खास मेणबत्त्या करून घेतल्या होत्या. सेटवरचे दिवे इतके प्रखर असत की मधल्या वेळात कार कधी कधी काळा चष्मा लावून बसे. त्याच सुमारास हॅमर कंपनीचे भयपट रंगीत रक्तानं माखलेले असत. इथे रक्ताचा थेंब नाही. एका पुतळ्याच्या तोंडातून एक किडा बाहेर येतो, एवढंच, आणि तो मी आजही डोळे किलकिले करूनच पाहते.

मिसेस ग्रोस, म्हणजे घर सांभाळणारी प्रौढ बाई, मेग्ज जेन्किन्सनं केली आहे. गोल चेहरा, मायाळू आवाज. तिला अक्षरओळख नाही. तिला भुतं दिसत नाहीत. तिला जे माहीत आहे ते फार भयंकर आहे, पण ते सगळं जिवंतपणीचं आहे: क्विंटनं मिस जेसलला कसं वागवलं, ती त्याच्यामागे कशी फरफटत गेली, घरातल्या कुणी कसं काही पाहिलं नाही. ती बोलते ते अडखळत, तुकड्यातुकड्यांनी, मध्येच थांबून. जेन्किन्स प्रत्येक वाक्यानंतर ओठ मिटते तेव्हा दार लावून घेतल्यासारखं वाटतं. माझ्या स्वयंपाकाच्या मावशी हुबेहूब तशाच थांबायच्या. १९७४ मध्ये याच कथेवर टीव्हीसाठी सिनेमा झाला, त्यातही मिसेस ग्रोस जेन्किन्सनंच केली. नव्या बाईंच्या भूमिकेत होती लिन रेडग्रेव्ह. १९६१ मध्ये तिच्या वडिलांनी, मायकल रेडग्रेव्हनं, त्या बेफिकीर काकाचं काम केलं होतं.

आता फ्लोरा. पामेला फ्रँकलिन तेव्हा अकरा वर्षांची होती आणि हा तिचा पहिला सिनेमा. ब्रिटनमध्ये त्याला एक्स प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे जिच्या कामाची एवढी वाखाणणी झाली त्या मुलीला तो थिएटरात जाऊन पाहता येणार नव्हता. ती गोड हसते, कासवाशी खेळते, आणि फुलपाखरू खाणाऱ्या कोळ्याकडे टक लावून पाहत तो किती छान आहे असं म्हणते. ती वाईट आहे म्हणून हे भीतिदायक वाटत नाही. मुलं असंच बघतात. मोठ्यांनी त्यात काय वाचायचं ते मोठ्यांवर असतं.

तळ्याकाठच्या मंडपात मिस गिडन्स तिला गाठते. तुला ती दिसते, कबूल कर, म्हणून हट्ट धरते. आणि फ्लोरा किंचाळायला लागते. ते किंचाळणं संपतच नाही. मिसेस ग्रोस तिला उचलून घरात नेते. रात्रभर ती मुलगी जे काही घाणेरडं बोलते ते आपल्याला ऐकू येत नाही, मिसेस ग्रोसच्या चेहऱ्यावर वाचावं लागतं.

हा प्रसंग मी टाळत नाही, पण तो पाहताना माझे हात गार पडतात. वसतिगृहात नववीतली एक मुलगी होती. रोज दिवेलागणीला मागच्या पायऱ्यांवर एकटीच बसून पुटपुटायची. कुणी जवळ गेलं की गप्प. मला वाटायला लागलं की हिचं काहीतरी बिनसलंय, कुंपणापलीकडून हिच्याशी कुणी बोलतं आहे. त्या वयात मला साऱ्या मुलींना वाचवायचं होतं. एका संध्याकाळी मी तिला चार मुलींसमोर उभं केलं. कुणाशी बोलतेस, खरं सांग, मला सगळं ठाऊक आहे. मी थांबले नाही. ती रडली तरी थांबले नाही. मग ती अशी ओरडली की मावशी पिठाच्या हातांनी धावत आल्या आणि तिला कुशीत घेऊन गेल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधीच्या बाईंनी सहामाहीला पाठ करायला दिलेली एक कविता ती म्हणत असायची. परीक्षा होऊन गेली होती. मी तिची माफी मागितली, ती "असू दे बाई" म्हणाली, आणि वर्ष संपेपर्यंत पुन्हा त्या पायऱ्यांवर बसली नाही.

फ्रँकलिन पुढे १९६९ मध्ये 'द प्राइम ऑफ मिस जीन ब्रॉडी'त दिसली. तिथे ती सँडी झाली, आपल्या लाडक्या बाईंना नोकरीवरून घालवणारी विद्यार्थिनी. त्या बाई झालेल्या मॅगी स्मिथसमोर ती थंड नजरेनं उभी राहते तेव्हा मला फ्लोराच मोठी होऊन आल्यासारखी वाटते. दोन बाई पाहिलेली मुलगी, आता तिसऱ्या बाईंसमोर.

सिनेमातलं गाणं इस्ला कॅमेरॉनचं. कंपनीचं बोधचिन्हसुद्धा यायच्या आधी पडदा पूर्ण काळा असतो आणि त्या काळ्यातून एक मुलीचा वाटावा असा कोवळा आवाज येतो. प्रियकर गेला, विलोच्या झाडाखाली मी एकटी. चाल जॉर्ज ऑरिकची, शब्द पॉल डेहनचे. कॅमेरॉन ब्रिटनमधल्या लोकगीतांच्या चळवळीतली गायिका. तिचा गळा इतका अनलंकृत आहे की गाणं खरंच दोनशे वर्षांचं जुनं वाटतं. याच सिनेमात ती ॲना नावाची मोलकरीणही आहे, पण पाहताना लक्षात येत नाही. आवाज सगळ्या घरात भरून राहतो आणि तो ज्या बाईचा आहे ती ताटं उचलून निघून जाते.

आणि मिस जेसल. क्लायटी जेसप ही ऑस्ट्रेलियन. नटीचं आणि पात्राचं नाव इतकं जवळ यावं हा योगायोग. पुढे तिनं लंडनमध्ये कलादालन चालवलं आणि 'एमाज वॉर' हा सिनेमा दिग्दर्शित केला. फ्रेडी फ्रान्सिस दिग्दर्शक झाल्यावर त्यानं तिला पुन्हा बोलावलं, १९६४ च्या 'नाइटमेअर'मध्ये पांढऱ्या वस्त्रातली बाई म्हणून. 'द इनोसन्ट्स'मध्ये ती जेमतेम काही क्षण पडद्यावर आहे. तिला संवाद नाही.

पहिल्यांदा ती दिसते ती तळ्यापलीकडे, लव्हाळ्यात, भर दिवसा. काळे कपडे, हात खाली. ती काहीच करत नाही. पुढे येत नाही, हात हलवत नाही, रागानं पाहत नाही. फक्त तिथे आहे, आणि इतक्या लांबूनही रेखीव दिसते. भुतानं रात्री यावं, अंगावर यावं, हा सिनेमाचा रिवाज. आम्हाला मात्र आजी सांगायची, टळटळीत दुपारी बारा वाजता विहिरीवर जायचं नाही, आसरा असतात. त्यामुळे पाण्याकाठी उन्हात उभी असलेली बाई पाहून मला जे वाटलं ते बहुधा इंग्रज प्रेक्षकाला वाटलं नसेल. भीती वाटलीच, पण आसरांना आपण ओटी भरतो. त्या बाया पाण्यात गेलेल्या, त्यांचं काही देणं राहिलेलं, हे आपल्याला उपजत माहीत असतं. मिस जेसलसुद्धा पाण्यातच गेली. क्विंट मेल्यावर तिनं त्याच तळ्यात जीव दिला.

संगीतकार बेंजामिन ब्रिटननं १९५४ मध्ये या कथेचा ऑपेरा केला. त्यात मिस जेसल गाते, तक्रार करते, क्विंटला जाब विचारते. क्लेटननं तिला गप्प ठेवलं. ऑपेरा मी आदरानं ऐकते, पण मला सिनेमातली गप्प जेसलच खरी वाटते. जिवंतपणी जिचं कुणी ऐकलं नाही तिला मेल्यावर एकाएकी गळा कुठून फुटेल?

मग तो अभ्यासाच्या खोलीतला प्रसंग. मिस गिडन्स दार उघडते. मेजाशी, तिच्याच जागेवर, मिस जेसल बसली आहे आणि रडते आहे. इतकंच. मुलांना पळवायला आलेली नाही, कुणाला घाबरवत नाही. शाळा सुटल्यावर एखादी शिक्षिका रिकाम्या वर्गात बसते तशी बसली आहे. मिस गिडन्स पुढे जाते तोवर खुर्ची रिकामी होते. मेजावर एक अश्रू उरतो. ती तो बोटानं टिपते.

कारनं तो क्षण फार विलक्षण केला आहे. बोट ओलं झाल्यावर तिच्या चेहऱ्यावर क्षणभर निव्वळ कणव येते. ही माझ्याच खुर्चीत बसलेली, माझ्याच पगारावर राबलेली, माझ्यासारखीच एका पुरुषाच्या एका नजरेवर जगलेली बाई आहे, हे तिला त्या क्षणी कळलेलं असतं असं मी मानते. आणि मग ती ते विसरते. तिच्या लेखी तो ओला थेंब जेसल खरंच आहे याचा पुरावा होतो, आणि पुरावा हाती आल्यावर ती मुलांना सोडवायला निघते. यानंतर जे होतं, फ्लोराचं किंचाळणं, माइल्सचा शेवट, ते सगळं त्या विसरण्यातून होतं. ती खुर्ची ओढून मेजापलीकडे बसली असती तर? काय झालं हो, एवढंच विचारलं असतं तर? पूर्ण सिनेमात जेसलला कुणीच काही विचारत नाही.

वसतिगृह मी दोन वर्षांनी सोडलं. शेवटच्या दिवशी ट्रंक बांधून झाल्यावर स्वयंपाकघरात गेले. ताटं पुसणाऱ्या मावशींच्या शेजारी पाटावर बसले आणि म्हटलं, "मावशी, आता मी जातेच आहे. आधीच्या बाईंचं नाव तरी सांगा."

मावशींनी या वेळी दाराकडे पाहिलं नाही. नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

मग पुढचं ताट हातात घेत म्हणाल्या, "दुधाचा हिशेब तुमच्यासारखाच रोजच्या रोज लिहायच्या."